नऊ वर्षांच्या मौनाची व एका दिवसाच्या पाण्याची व्यवस्था

मी, तोताराम कौतिक पाटील, वय अदमासे चौसष्ट, धंदा शेती, पूर्वी रेल्वेत फिटर, राहणार वरणगाव, जिल्हा पूर्व खानदेश, शुद्धीवर असताना व कोणाच्या भिडेस न पडता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

ब्रह्मदेशात रेल्वेच्या नोकरीत असता एका वृद्ध भिक्षूने मला श्वासाकडे पाहत बसण्यास शिकवले. जे उपजते ते नाहीसे होते, देह माझा नाही, मनही माझे नाही, जे जसे आहे ते तसे पाहावे, असे तो सांगे. ते मला पूर्ण पटलेले आहे. तथापि पुढील मिळकत माझी आहे व तीवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

कलम १. राहते घर व भांडीकुंडी माझी पत्नी भिकुबाई हिला. ती एक दिवसही डोळे मिटून बसली नाही. मग चूल कोण पेटवणार, म्हणे.

कलम २. माझे पाने व हातोडे भुसावळच्या रुपचंद फिटरला. मोठा पाना त्याने १९१९ सालीच मागून नेला आहे. तोही आता दिला असे समजावे.

कलम ३. बसण्याची घोंगडी कोणास देऊ नये. तिच्यावर बसून मी काय पाहिले ते पुढे येईल.

कलम ४. विहीर माझी व धाकटा भाऊ निंबा याची सामाईक असून मोटेची पाळी एक दिवसाआड आहे. नऊ वर्षांपूर्वी वैशाखात, माझ्या पाळीच्या दिवशी, घटकाभर म्हणून मी चिंचेखाली ध्यानास बसलो. दुपारी एक डोळा किलकिला करून पाहिले तो निंबा आपले बैल जुंपून मोट हाकीत होता, आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरे काढलेली होती. चोराची चाल मी ओळखली. राग उपजला, तो नाहीसा होईल म्हणून पुन्हा डोळे मिटले. तो झाला नाही. तेव्हापासून निंबाशी बोललो नाही. एकट्याशी अबोला धरला तर लोक कारण विचारतील, म्हणून घराबाहेर सगळ्यांशीच बोलणे सोडले. गावाने त्यास मौन म्हटले व नारळ आणले. ते मी घेतले. त्या साली निंबाची केळी करपली, माझी हिरवी राहिली. करावे तसे भरावे, असे मी मनाशी म्हटले. सबब निंबास माझ्या पाळीचे थेंबभरही पाणी मिळू नये.

कलम ५. वरील कलम दस्तलेखक लीलाधर मोठ्याने वाचत असता भिकुबाई तूर निवडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"पानी कोन्या केयीत गेलं, ते पाहिलं व्हतं का तुम्ही?"

मोट हाकताना पाहिला तेवढे पुरे, असे मी म्हटले. तेव्हा तिने सांगितले की, मी उठेना व पाळी फुकट जाणार, म्हणून निंबाने दिवसभर माझ्याच केळीला पाणी दिले. माझे ध्यान मोडू नये म्हणून घुंगरे काढली. दुसऱ्या दिवशी त्याचा एक बैल बसला तो आठ दिवस उठला नाही, मोट बंद पडली आणि त्याची केळी करपली. इतकी वर्षे हे सांगितले का नाही, असे विचारता ती म्हणाली की मला ठाऊकच असेल असे तिला वाटले. हा अबोला आहे हे तिलाही आजच कळले.

"मले वाटलं, मौन हाये."

नऊ वर्षे मी श्वास पाहिला आणि चार पावलांवरचा पाट पाहिला नाही. मला फार लाज वाटली. चौथे कलम खोडा म्हटले, तर दस्तात खाडाखोड चालत नाही असे लीलाधर म्हणतो. तेव्हा ते राहू द्यावे, पण रद्द समजावे.

कलम ६. माझी केळीची जमीन व पाण्याची पाळी भिकुबाईच्या हयातीत तिची, तिच्यामागे निंबाची.

कलम ७. हा कागद माझ्यामागे उघडावा असे आधी ठरले होते. तसे झाले असते तर मी सोयीस्करपणे सुटलो असतो. म्हणून निंबाला आजच बोलावून सगळा वाचून दाखवला. चौथे कलम ऐकताना तो जमिनीकडे पाहत होता.  मग त्याने एवढेच विचारले,

"आता बैलाईले घुंगरं बांधू का, भाऊ?"

नऊ वर्षे त्याने ती बांधली नव्हती. मी 'बांध' म्हणालो. 

मुक्काम वरणगाव, तारीख ९ मे १९३८.

सही: तोताराम कौतिक पाटील

साक्षीदार:
१. लीलाधर, दस्तलेखक, सही.
२. निंबा कौतिक पाटील, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. सबंध ऐकून, समजून दिला.