न्यूनगंडात पहिला नंबर

अहिल्यानगर
(पाकिटावर हेच लिहिते. बोलताना अजून नगरच तोंडात येतं.)
सोमवार

चि. निवेदितास,

सुचित्रामावशीचे भरघोस आशीर्वाद. तू आणि पार्थ दोघंही ठणठणीत असाल असं धरून चालते. खुर्चीत बसून तुझी मान धरली होती, ती सुटली असेल. नसेल सुटली तर हे पत्र उभ्याने वाच, कारण ते लांब होणार आहे. मुद्दाम हाताने लिहून पोस्टाने पाठवते आहे. मोबाईलवर लिहिलं की तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी होतेस. माझं बीपी शुक्रवारपर्यंत उत्तम होतं. शुक्रवारी तुझा मेसेज आला.

‘मावशी, तू गेलीस त्या गावचा आत्मसन्मानाचा आकडा सगळ्या जिल्ह्यांत सर्वांत कमी! सर जाम खूश!!’ दोन उद्गारचिन्हं. तीस बायका स्वतःला कवडीमोल समजतात हे कळल्यावर जो माणूस खूश होतो, त्याच्या हाताखाली तू पीएचडी करतेस हे मला आधी सांगायला हवं होतंस. वर या आकड्यांचा तक्ता परिषदेत लावणार, आणि त्या बायकांना आत्मविश्वासाने बोलायला शिकवण्यासाठी सर तीन दिवसांचं शिबिर घेणार. निवेदिता, तो तक्ता लावू नकोस. का, ते सांगते.

तू मला दहा वाक्यांची एक परदेशी प्रश्नावली दिलीस आणि म्हणालीस, नुसतं भाषांतर नको, आपल्या संस्कृतीला जुळवून घे. मी एकतीस वर्षं कोर्टात भाषांतरं केली. माझ्या कागदांवर माणसं सुटली आणि आत गेली, पण कुठलाही जबाब मी कुणाच्या संस्कृतीला जुळवला नव्हता. तरी तुझ्यासाठी जुळवलं. ‘पार्टीत अनोळखी लोकांशी बोलताना मला संकोच वाटत नाही’ यात पार्टीच्या जागी लग्न घातलं, तर तुमच्या समितीने तीनदा परत पाठवलं. (समितीत कुणाचं लग्न झालेलं नाही काय? आपल्याकडच्या लग्नात अनोळखी माणूस सापडतो कुठे? सगळे कुणाचे तरी साडू निघतात.)

असो. फॉर्म भरून घ्यायलाही तू मलाच धाडलंस. एसटीने तिसगाव, तिथून जीपने पुढे पाच किलोमीटर, आणि त्या जीपमध्ये माझ्या मांडीवर एक बाई, तिच्या मांडीवर कोंबडी. गावात बचत गटाच्या अध्यक्षा बनुबाई यांनी मारुतीच्या मंडपात तीस बायका जमवून ठेवल्या होत्या. तुझी सूचना अशी, की प्रत्येकीला एकटीला बसवून विचारावं, बाकी कुणी मध्ये बोलू नये. ही सूचना लिहिणाऱ्याला मी एकदा त्या मंडपात बसवणार आहे.

पहिलं वाक्य, ‘माझ्यात पुष्कळ चांगले गुण आहेत.’ लंकाबाई म्हणून साठीची बाई होती. ती लाजून पदराशी खेळायला लागली. “आता हे मी कसं सांगू बाई? ह्या बायांनी सांगावं.” आणि मंडपातल्या बायांनी सांगितलं. पुरणपोळी, बाळंतिणीची मालीश, विहिरीत पडलेली शेळी. वीस मिनिटं झाली. लंकाबाई मान खाली घालून सगळं ऐकत होती आणि मध्येच एखादा राहिलेला गुण हळूच सुचवत होती. चौकट मात्र तिने निवडली ‘असहमत’. आपणच आपलं कसं म्हणायचं? यात काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये स्वतःची फुशारकी मारली की सिस्टर हातावर पट्टी मारायच्या.

चौथं वाक्य, ‘मी नसले तरी घरात कुणाचं काही अडणार नाही.’ लंकाबाईचा चेहरा उजळला. “पूर्ण सहमत ल्हिवा. सून शानी हाय, समदं बघती. मी सुटले आता.” म्हणजे जन्मभराची कमाई ती सांगत होती, आणि तुमच्या गुण मोजणाऱ्या मशीनने तिचे तीन गुण कापले.

इथपर्यंत मी निभावलं. चहानंतर मात्र मंडपाची हवाच बदलली. बनुबाई पुढे येऊन बसल्या. पाण्याच्या टाकीसाठी ग्रामसेवकाला चार तास उन्हात उभं करणारी ही बाई मला खोल आवाजात म्हणाली, “माझ्याच्यानं कायबी हुत न्हाई बाई. अगदी निकामी. दाबून ल्हिवा.” तिच्यामागची बाई उसळली. “तू कशाची निकामी गं? दारात ट्रॅक्टर हाय तुझ्या! निकामी मी हाय!” तिसरी म्हणाली, तिला तर आरशात बघायचीसुद्धा लाज वाटते. चौथीने विचारलं, लाजेसाठी वेगळी चौकट आहे का. मग कोण अधिक निरुपयोगी यावरून जे भांडण पेटलं, तसं मी भाऊबंदकीच्या दाव्यातही ऐकलेलं नाही. आणि मी मूर्ख! मला वाटलं, या बिचाऱ्या पहिल्यांदाच मन मोकळं करताहेत. माझे डोळे भरून आले. सगळे फॉर्म तिसगावातूनच तुला कुरिअर केले.

शनिवारी बनुबाईंचा फोन. “बाई, यादी कधी लागनार?”

कसली यादी? तर निकाम्या बायकांच्या योजनेची. सरकारी कागदावर ‘माझं बरं चाललंय’ असं खरं सांगितलं की नाव कटतं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी म्हटलं, अहो, ही योजना नाही, अभ्यास आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “मंग अंगठं कशाला घेतलं? आन् रेशनकार्ड?” (अंगठे तुझ्या संमतिपत्रासाठी. रेशनकार्डं मी मागितली, नावं अचूक लिहावीत म्हणून. कोर्टाची सवय. याबद्दल मला काही ऐकवू नकोस.) फोन ठेवताना बनुबाई म्हणाल्या, “आदी सांगायचं की. आमी काय तशा हाव व्हय?”

तशा नाहीत, हेच मी तुला ओरडून सांगते आहे. स्वतःला निकामी ठरवण्यासाठी ज्या इतक्या तडफेने भांडल्या, त्यांना तुझे सर बोलायला शिकवणार! तक्ता लागला तर बनुबाई देशभर न्यूनगंडात पहिल्या येतील, आणि ते माझ्या हस्ताक्षरात. ते तीस फॉर्म बाद कर. सरांना माझं नाव सांग, मी घाबरत नाही. आणि माझं यापुढे या कामाशी काही देणंघेणं नाही. दुसरी मावशी शोध.

चिडलेली, पण तुझीच,
सुचित्रामावशी

ता. क. सरांकडून पंधरा दिवसांची मुदत माग. बनुबाईंना मी पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी येते म्हणून कळवून बसले आहे. कोरे फॉर्म तीस पाठव. रेशनकार्ड मागणार नाही.

ता. ता. क. तू मोजलेस तर फॉर्म एकतीस निघतील. वय एकोणसत्तर, शिक्षण बी. ए. असा जो आहे तो पेन चालतं का हे पाहण्यासाठी भरलेला आहे. सरांना दाखवू नकोस, पण फाडूही नकोस. असले आकडे मी मानत नाही, तरी किती आला ते सहज कळव. ताईकडूनही, म्हणजे तुझ्या आईकडूनही, तू भरून घेतला असशीलच. तिचा किती?

आधी तिचा कळव.