माझ्या ग्लासातला डाळिंबाचा रस

आशय,

फोनवर तोंडातून शब्दच निघून नाही राहिले, म्हणून लिहून ठेवते. मी तात्यापाऱ्यात आईकडे चालली.

संध्याकाळी तुझ्या ऑफिसातले लोक येतील, त्यांना येऊ दे. नाही म्हटलं तर कारण सांगत बसावं लागेल. गोड पांढरी वाइन देवांगन दीदीले दे, पहिल्यांदा पिणाऱ्याले तीच जमते. लाल वाइन तिच्या नवऱ्याले, भैयाले दे, पण आधी अर्धा तास फ्रिजात ठेव, नाहीतर इथल्या गरमीत काढ्यासारखी लागते. डब्यात बेसनाची खारी ठेठरी तळून ठेवली आहे. तिच्यासंग जिन, लिंबू अन् सोडा मस्त लागते, फक्त त्यात साखर नको टाकू.

बुडबुड्यांच्या वाइनची बाटली मात्र उघडू नको. ती आपण आज सगळ्यांना बातमी सांगायले आणली होती. सकाळी सोनोग्राफीत बाळाचे ठोके नाही सापडले, आशय. डॉक्टरीणबाईनं दुसऱ्यांदाही पाहिलं. उद्या भरती व्हायचं आहे, तू ये. मी रडून नाही राहिली, काहून ते मलेच समजत नाही.

इतके दिवस कोणाले संशय येऊ नये म्हणून तू किचनमधून माझ्या ग्लासात डाळिंबाचा रस भरून आणत होता, अन् मी सगळ्यांसमोर त्याचे घोट घेत वाइनची तारीफ करत होती. फ्रिजातला उरलेला रस मी सिंकमध्ये ओतून दिला.

लाल वाइन थोडी उरली तर ठेवून दे. आता मलेबी चालते.

ओवी