गांडुळाच्या पोटातले हिरवे धागे

सोलापूर, शनिवार

तीर्थरूप आप्पांना वैजूचा नमस्कार. मी इथं बरी आहे, मेसची भाजी लई तिखट असली तरी पोटभर जेवते. आईची कंबर कशी आहे?

दादाच्या मित्राकडून विकत घेतलेली गांडुळांची पिशवी तुम्ही न उघडता तपासायला एसटीनं धाडलीत, ती त्याच दिवशी मिळाली. "लांबनं आणलेली खताची जात हाय," असं तो मित्र म्हणाला होता ना? म्हणून मी कॉलेजात त्यांच्या अंगावरची कडी मोजली. त्या जातीचा जाड पट्टा चोविसाव्या कड्याच्या आसपास सुरू होतो. यांचा चौदाव्यावरच आहे, आपल्या रानातल्या गांडुळांसारखा.

माझंच चुकलं असेल म्हणून एक चिरून पाहिलं. गांडुळाचं आतडं म्हणजे तोंडापासून शेपटीपर्यंत एक सरळ नळी, नुकती खाल्लेली माती तशीच दिसते. त्या मातीत बारीक हिरवे धागे होते, मधेच एक जरीचा.

गेल्या उन्हाळ्यात डाळिंबं करपू नयेत म्हणून आईनं तिची हिरवी जरीची साडी मागच्या ओळीवर टाकली होती. ती तिथंच फाटून गळाली की.

बागेच्या मागच्या फाटकाची किल्ली तुमच्याकडं आणि दादाकडं असते. झाडांच्या बुडाशी कुणी ताजं उकरलंय का, एवढं एकटेच जाऊन बघा.

फोन केला नाही, कारण तुमचा फोन दादाच उचलतो.

तुमची,
वैजू