सात पूल, एक खुर्ची

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर बोलताना दम लागतो म्हणून तू पत्रं लिहायला लागलीस, पण खरं सांगू, फोनवर तू मला एवढं कधी बोलली नव्हतीस. गेल्या पत्रात तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसता उद्धार आहे.

आता रविवारची फजिती ऐक. नुसतं मैदानाला गोल गोल पळायचा मला कंटाळा, हे तुला माहीत आहे. म्हणून महिन्यातला एक रविवार मी शहरातलं काहीतरी एक धरतो आणि ते सगळंच्या सगळं पळून गाठतो. मागच्या महिन्यात चौकाचौकातली घड्याळं धरली होती. एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर मी निघायच्या आधीच घरी पोचलो होतो. ह्या वेळी पूल धरले. एका पुलावरून नदी ओलांडायची, पलीकडच्या काठाने पुढच्या पुलापर्यंत पळायचं, तिथून अलीकडे यायचं, असं नागमोडी शेवटच्या पुलापर्यंत. नकाशा काढला, पाणी कुठे प्यायचं ते ठरवलं, नवे मोजे आणले. पूल सात आहेत आणि सात म्हणजे विषम, एवढंच काय ते डोक्यात आलं नाही. सातवा पूल उतरलो आणि बघतो तर मी पलीकडे आणि घर अलीकडे! पायांत त्राण नव्हतं, तसाच तो पूल परत ओलांडला. तुझी वहिनी हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता कामाचं. आमच्या समोरच्या इमारतीतली तळमजल्यावरची खोली रिकामी होतेय. दाराला एकही पायरी नाही, खिडकी रस्त्यावर. मालक माझ्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या चष्म्याच्या काचा मीच घासतो, म्हणून एप्रिलअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. तू ये. हट्ट करत नाही, नुसतं विचारतोय. बरं, हट्टच करतोय.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा,
भिंगरी

---

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुझ्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, मोठा झाला की जाईल. सत्तेचाळीस वर्षांचा झालास, आता मी आशा सोडली. बाकी सात पुलांचं वाचून मलाही हसू आलं, पण हसलं की खोकला येतो, म्हणून पत्र तीनदा खाली ठेवावं लागलं.

खोलीचं म्हणशील तर नाही. चिडू नकोस, नीट वाच. त्या दुखण्यानंतर फुप्फुसं निम्म्यानेच काम करतात हे तुला ठाऊक आहे. थोडं चालायचं आणि बसायचं, असं माझं चालू आहे. पण भल्या माणसा, इथे मला बसायला मिळतं! औषधाच्या दुकानाची पायरी माझी. बँकेतला सोफा माझा, खातं असो वा नसो, तिथला पहारेकरी मला बघून पंखा लावतो. पुढे शिंप्याचं स्टूल. शेवटी छापखान्याचं फाटक, तिथे बाइंडिंगमध्ये माझी उभी हयात गेली, त्यामुळे खुर्ची न मागता मिळते. ह्या चार जागांच्या जोरावर मी रोज बाजारात जाते आणि माझ्या हाताने निवडून दोन नाशपती आणते.

तुझ्याकडे आले तर काय होईल ते मी तुला आत्ताच सांगते. आठवडाभर तू हाताला धरून नेशील, वहिनी रजा काढेल. मग तुमची कामं सुरू होतील, आणि मी खिडकीतली कुंडी. पाणी वेळेवर मिळेल, पण जागचं हलता येणार नाही. मला त्याची भीती वाटते रे. मरणाची नाही वाटत तेवढी.

तुझ्या शहरात बसायला जागा कुठे कुठे आहे, हे तुला तरी ठाऊक आहे का? तू तिथे कधी बसलायस?

वहिनीला आशीर्वाद. तुला अर्धेच, बाकीचे पळणं कमी केल्यावर.

तुझी,
ताई

---

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कधी कुठे बसलायस, असं विचारलंस. वीस वर्षं मी ह्या शहरात पळतोय आणि कुठे टेकायचं ते मला सांगता येईना. मग म्हटलं, ह्या महिन्यात बाकडीच धरू! नियम असा केला की नुसता हात लावून पळायचं नाही, पाठ टेकून बसायचं, आणि श्वास जागेवर आला की मगच उठायचं.

ताई, असं विचित्र मी जन्मात पळलो नव्हतो. अंग तापतंय न तापतंय तोच बसायचं. एका बाकावर एक जोडपं बसलं होतं. मी घामाघूम, त्यांच्या शेजारी जाऊन टेकलो, तर ते उठूनच गेले. एका बाकाचं तोंड भिंतीकडे. ते कुणी आणि कशासाठी बसवलं असेल देव जाणे. कोर्टासमोरची बाकं इतकी कडक की माणसाने गुन्हा लगेच कबूल करावा. नदीकाठच्या एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी मला विचारलं की बरं वाटत नाही का. मी म्हटलं, पळतोय. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि थोडे सरकून बसले.

आता ऐक, तुझ्या खोलीपासून बाजारापर्यंत जागाच जागा आहेत. वळणावर बागेचा कठडा, पोस्टाबाहेर बाक, बसथांब्यावर लोखंडी पट्टी, औषधवाल्याकडे दोन खुर्च्या, आणि बाजाराच्या तोंडाशी झाडाखाली छानसा पार. एकीवरून दुसरीपर्यंत जायला मला मिनिटही लागलं नाही. सगळा रस्ता सपाट. आता काय म्हणणं आहे तुझं? बोल!

वहिनीचा नमस्कार. ती म्हणते, लोभ माझ्यावर ठेवा, ह्यांना जरा तसंच राहू द्या.

तुझा,
भिंगरी

---

१९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरून आले. माझ्यासाठी शहरभर बसत सुटलास, असं कुणी कुणासाठी केलं नसेल.

पण सपाट? दहा वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा वहिनीची पिशवी दारातच फाटली होती. आठवतंय का? टोमॅटो गडगडत थेट पोस्टापर्यंत गेले, तू त्यांच्यामागे, आणि आम्ही दोघी दारात पोट धरून हसत होतो. सपाट रस्त्यावर टोमॅटो पळत नाहीत, बाळा. तुझं घर चढावर आहे. बाजारात मी जाईनही. येताना? हातात पिशवी, समोर चढ, आणि पोस्टापासून वळणापर्यंत तुझ्या पत्रात बसायला काही नाही. तुझं मिनिट ते माझं मिनिट नव्हे.

तुझं नेहमीच असं. जायचं सगळं ठरतं, परत यायचं राहून जातं. पूल सात होते ना?

मालकांना नाही म्हणून कळव. त्यांना उगाच ताटकळत ठेवू नकोस. आणि रागावू नकोस, मी इथे बरी आहे. शिंपी हल्ली स्टुलावर उशी ठेवतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

---

२ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी सहसा लिहीत नाही, तिकीटखिडकीत दिवसभर बोलून झालं की घरी येऊन हात उचलत नाही. पण आज लिहिते, कारण हे तुम्हाला काही कळवणार नाहीत.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी जेवताना ह्यांनी मला विचारलं की आपल्या रस्त्याला चढ आहे का. वन्सं, मी कपाळावर हात मारून घेतला! लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो चढ रोज चढतेय, आणि ह्या माणसाला तो दिसलाच नाही. ह्यांच्या पायांना सगळं जग सपाट.

मग दुकानात चष्मा करायला एक डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना ह्यांनी विचारलं की निम्म्या फुप्फुसांनी चालणं म्हणजे नेमकं कसं. त्यांनी सांगितलं, नाकाला चिमटा लावा, तोंडात सरबत प्यायची नळी धरा, तेवढ्यातूनच श्वास घ्या आणि चालून बघा. गमतीत सांगितलं असेल. पण रविवारी सकाळी हे कपड्यांचा चिमटा नाकाला लावून, नळी तोंडात धरून, बटाट्याची पिशवी हातात घेऊन बाजारातून निघाले. मी लाजेने चार पावलं मागून. लोक वळून वळून बघत होते. पोस्टाच्या बाकावर बसले तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. मी म्हटलं पुरे, तर मान हलवून पुढे. चढाच्या मध्यावर लाँड्रीसमोर मात्र पाय थांबले. बसायला काही नाही, म्हणून फुटपाथवरच बसले. चिमटा काढला, नळी काढली, आणि रडायला लागले. म्हणाले, ताई रोज अशी चालते. एवढंच म्हणाले.

मालकांना अजून नकार कळवलेला नाही. ह्यांनीही नाही आणि मीही नाही. तुम्ही रागावणार असाल तर आम्हा दोघांवर सारख्या रागवा.

जीव लावता तसा लावत राहा.

तुमची,
वहिनी

---

१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वहिनीने तुला काय लिहिलं ते मला माहीत नाही, ती सांगत नाही. तू म्हणालीस ते खरं होतं, चढ आहे. चांगलाच आहे.

पोस्टापासून वळणापर्यंत मी ह्या महिन्यात रोज गेलो, तुझ्या चालीने. पळण्याला सुट्टी दिली आहे, आणि गुडघे म्हणतात की हे आधीच करायला हवं होतं. बसायची जागा हवी ती लाँड्रीसमोरच. लाँड्रीवाल्या बाईंना विचारलं की तुमच्या दारात एक खुर्ची ठेवू का, तर त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. म्हणाल्या, रिकामटेकडे येऊन बसतील, नाहीतर कुणीतरी उचलून नेईल. दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की खुर्ची आहे तरी कुणासाठी. सांगितलं. मग त्यांनी हातातल्या चादरीची इस्त्री संपवली, आणि म्हणाल्या की खुर्ची घरून आणा, संध्याकाळी दुकान बंद करताना मी आत घेत जाईन.

तर स्वयंपाकघरातली खुर्ची तिथे नेऊन ठेवली आहे. आईच्या वेळची, एक पाय आखूड असलेली. पायाखाली तू छापखान्यातून पुठ्ठा आणून, कापून, डिंकाने चिकटवला होतास ना, तीच. घरी आता एक खुर्ची आणि एक स्टूल आहे, आणि स्टूल माझ्या वाट्याला आलंय.

मालक महिनाअखेरपर्यंत थांबले आहेत. मी हट्ट करत नाही. ह्या वेळी खरंच करत नाही. तू एकदा ये, स्वतः चालून बघ, आणि मग नाही म्हण. शनिवारी ये, मी स्टेशनवर घ्यायला येतो.

आहे तेवढा लोभ मला पुरतो, फक्त तो घेऊन ये.

तुझा,
भिंगरी

---

२५ एप्रिल, शुक्रवार
लाँड्रीसमोरच्या खुर्चीवरून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दचकू नकोस. तू शनिवारी ये म्हणालास, मी शुक्रवारी आले. मुद्दामच आले. तू स्टेशनवर असतास तर माझा दंड सोडला नसतास, आणि मग मला काय कळलं असतं?

टॅक्सीने तुझ्या दारापर्यंत आले. कुलूप होतं. बॅग शेजारच्या बाईंकडे ठेवली आणि चढ उतरायला लागले. कठड्यावर बसले, खुर्ची परतीसाठी राखून ठेवली, पोस्टाबाहेर बसले, बसथांब्यावरची पट्टी चांगलीच टोचते, ते तू लिहिलं नव्हतंस. औषधवाल्याने पाणी दिलं. बाजारात नाशपती मिळाली नाही, म्हणून सफरचंदं घेतली. मग परत फिरले. पोस्टापर्यंत ठीक होतं. तिथून वर बघितलं आणि खरं सांगते, पुन्हा बाकावर टेकले. तरी निघाले. निम्म्या चढावर डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेवढ्यात खुर्ची दिसली, आणि खुर्चीवर एक गृहस्थ बसलेले! मांडीवर कोबी. मी दुकानाच्या दाराला टेकून उभी राहिले. बोलायला तर श्वास नव्हता. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता उठले. नंतर म्हणाले की त्यांचे गुडघे गेलेत, आणि ही खुर्ची आल्यापासून वर्षाने पहिल्यांदा ते स्वतः बाजारात जायला लागलेत. खुर्ची कुणाची ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, माझ्या भावाची. सांगताना छाती फुगली, म्हणजे निम्मीच, पण फुगली.

बसल्याबरोबर खुर्ची ओळखली. पुठ्ठा अजून आहे. कोपरे झिजलेत, पण घट्ट चिकटून आहे. माझं काम होतं ते!

लाँड्रीवाल्या बाई तुमच्या इमारतीत कपडे द्यायला निघाल्यात, त्यांच्याच हाती हे देते, कुलूप असलं तर दाराखालून सरकवतील. वहिनी आत्ता कामावरून येईल आणि माझी बॅग बघून घाबरेल, म्हणून घाईने लिहिलं. तिला सांग, दुसरी खुर्ची लागणार आहे, इथे लोक ताटकळतात. स्टूलही जाईल बहुतेक.

मालकांना आजच होकार कळव. मला घ्यायला येऊ नकोस. वळण इथून दिसतंय, माझा श्वास आला की निघते. आलासच, तर पळत येऊ नकोस.

उरलेले अर्धे आशीर्वादही आज घेऊन टाक.

तुझी,
ताई