डावा अंगठा

१ फेब्रु., रवि.
धाकट्या कोमीच्या हाताला नेमबाजी शिकताना लागलं. डाव्या अंगठ्याच्या बुडाला दोन लाल रेघा, फूटपट्टीनं मारल्यागत. गोळी सुटली की पिस्तुलाची स्लाइड, वरचा लोखंडी भाग, झटक्यानं मागं येती. अंगठा मागं आडवा आला की कातडं सोलतं. एवढंच. नखाएवढं पण न्हाई.
पण घरी काय थाट! आईनं दूध तापवलं. शेजारची काकू बघाय आली, "गोळी लागली व्हय गं?" कोमी नुसती हसली. न्हाई म्हणाली न्हाई.
आप्पांचा फोन. व्हिडिओ. तिकडं बर्फात रेंज मिळाली की लावतात. "दाखव हात. वर कर. शाब्बास! फौजेत नव्या पोरांना हा ठप्पा बसतोच. वाघीण माझी."
मी मागं हळकुंडं मोडत बसलेली. हात पिवळं, चार बोटांना चिरा. कोमीनं फोन माझ्याकडं फिरवला. आप्पा म्हणाले, "सुमे, बरी हाईस न्हवं?" मी मान हलवली. फोन कटला.

४ फेब्रु., बुध.
कुणाला म्हाईत न्हाई, लिहून टाकते. त्या पिस्तुलात पयलं बोट माझं सापडलंय.
दिवाळीनंतर आमी दोघी एकदमच जायला लागलो, सांगलीला, सुभेदार सरांच्या नेमबाजीच्या रेंजवर. छऱ्याच्या पिस्तुलावर माझे गुण कोमीपेक्षा जास्त. मग मोठं पिस्तूल हातात आलं. तिसऱ्या दिवशी माझं अडकलं. सरांचा नियम एकच. अडकलं की नळी समोरच ठिवायची, एक हात वर, आन् मोठ्यानं ओरडायचं, "जाम!" मग समदे थांबतात.
मला ओरडताच येईना. नववीत बाई म्हणायच्या उभी राहून वाच, तवा व्हायचं तसं. मग मीच स्लाइड ओढाय गेले. निसटली. बोटाचं कातडं मधी चिमटलं, काळा फोड आला.
सरांनी बघितलं. रागावले न्हाईत. "बाळ, नेम चांगला आहे तुझा. पण जिला ओरडता येत नाही तिच्या हातात मी हे देणार नाही."
आईला सांगितलं, बोट दारात सापडलं. आईनं बघितलं पण न्हाई नीट. "बघून लावावं की गं दार."
तवापासनं मी नुसती सोबत. कोमीला एकटीला यष्टीनं सोडत न्हाईत म्हणून.

८ फेब्रु., रवि.
कोमीला परत लागलं. त्याच जागी.
कशानं लागतं ते मला दिसलं आज. मी डावीकडच्या बाकावर बसते. चार गोळ्यांपर्यंत तिचे दोन्ही अंगठे एका बाजूला, एकाखाली एक, सरांनी शिकवलं तसं. पाचवीला हात दमतो. मग डावा अंगठा हळूच वर सरकतो आन् मागं जाऊन बसतो. सर तवा दुर्बिणीतनं कागद बघत असतात. बाकीचे आपापल्या नेमात. फकस्त माझ्या बाकावरनं दिसतं.
सरांनी परत धरून दाखवायला लावलं तर बरोब्बर धरलं. "असंच धरते की सर." तिला खरंच तसं वाटतं.
तोंडापर्यंत आलं माझ्या. गिळलं.

११ फेब्रु., बुध.
१ मार्चला साताऱ्यात स्पर्धा. नव्या पोरींची, पिस्तूल दोन्ही हातांनी धरायचं. आमच्यातनं एकच नाव. कोमीचं दिलं.
सर म्हणाले, "पण हात असाच फुटत राहिला तर नेणार नाही मी. दुखरा हात गोळीच्या आधी दचकतो."
मग दुसरं कोण? सरांनी माझ्याकडं बघितलं. का मलाच तसं वाटलं.
सांजच्याला तिच्या अंगठ्याला हळद मीच लावली. "हळू की सुमे! हात किती खरबरीत हाईत तुझं." मी आनखी जरा दाबलंच.

१३ फेब्रु., शुक्र.
शाळेत बाईंनी कोमीला पुढं बोलवून तिचा हात पोरींना दाखवला म्हणे. त्याच बाई. तोच वर्ग. मी जिथं थांबले त्या नववीत आता ती हाय.
बाईंनी विचारलं, तुझी बहीण काय करते? कोमी म्हणाली, "हळदीच्या कामाला जाती."
खोटं काय बोलली. खरंच जाती. तरी जेवले न्हाई.

१८ फेब्रु., बुध.
तिसऱ्यांदा. या वक्ताला रक्त मनगटापर्यंत आलं. सर तोडूनच बोलले. "रविवारी शेवटचं बघतो. रक्त दिसलं की नाव काढलं."
यष्टीत कोमी रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठिवून. "सुमे, माझं काय चुकतंय गं?"
"सरांना म्हाईत."
एवढंच बोलले मी. तिच्या केसांना चमेलीच्या तेलाचा वास. ल्हानपणी मीच वेणी घालायची तिची.

२० फेब्रु., शुक्र.
गोठ्यात जाऊन ओरडून बघितलं. जाम. जाम. जाम! म्हशीनं कान हलवला. चौथ्यांदा शेण टाकलं. आईनं हाक मारली, "कुणाशी बोलतीस गं?"
आवाज येतोय. रविवारी कोमीचं नाव निघालं की सरांम्होरं जाऊन ओरडून दाखवायचं. मग मला द्या म्हणायचं.
मी वाईट हाय का?
असू दे. एकदा तरी आप्पांनी म्हणावं, दाखव हात.

२२ फेब्रु., रवि.
गडबड झाली.
एक, दोन, तीन, चार. समदं नीट. पाचवीच्या आधी अंगठा सरकाय लागला. मी बघत हुते. अजून जरासं, मग स्लाइड येणार, रक्त, नाव निघणार. समदं मनासारखं. आन् माझ्या तोंडातनं निघालं, "अंगठा!"
केवढ्यानं! समद्यांनी पिस्तुलं खाली ठिवली. सर पळत आले. कोमी तशीच, नळी समोर, बोट घोड्यावरनं बाहेर, अंगठा मागं. सरांना सोताच्या डोळ्यानं दिसला.
"अस्सं. म्हणजे हे आहे होय."
मग माझ्याकडं वळले. "आवाज आहे की तुला! कुठं ठेवला होतास इतके दिवस?" पोरं हसली. मी पण हसणार तेवढ्यात म्हणाले, "आणि हे किती दिवस दिसतंय तुला?"
मी बाकावरची पिशवी उचलाय लागले.
कोमीनं ऐकलं ते.
अंगठा जाग्यावर ठिवून वीस गोळ्या मारल्या तिनं. रक्त न्हाई. नाव राहिलं.
यष्टीत म्होरं जाऊन बसली. उतरल्यावर इचारलं, "कवापासनं?"
"आजच दिसलं," मी म्हणाले.
"खोटं बोलताना तू मोठ्यानं बोलतीस सुमे."
का ओरडले मी? जागा गेली. कोमीपण गेली.

२५ फेब्रु., बुध.
कोमी बोलत न्हाई. मीठ पायजे असलं तरी आईला सांगती, आई मला सांगती. आई म्हणती, "काय टपालखातं हाय का मी?"
रेंजवर सर म्हणाले, सातारा होऊ दे, मग रिकाम्या पिस्तुलापासनं परत सुरू करू. बघू. मी व्हय म्हणाले. सर म्हणाले, ऐकू आलं नाही. मग मोठ्यानं म्हणाले.
कोमीनं बघितलं न्हाई माझ्याकडं.

२८ फेब्रु., शनि.
तिच्या अंगठ्यावर खपली धरलीया. उद्या सातारा, पयली गाडी.
आप्पांचा फोन आला. "हात कसा हाय वाघिणीचा?" कोमी म्हणाली, "बरा हाय. चूक सापडली." कुणाला सापडली ते सांगितलं न्हाई. आप्पांनी पण इचारलं न्हाई. मी तिथंच हुते, कणीक मळत.
नंतर कपड्यांच्या घड्या घालताना एकदम बोलली. सा दिवसांनी.
"उद्या डावीकडं बस."
"बरं."
"ओरडू नगंस. भायेरनं कोण बोललं की बाद करतात."
"मग बसून काय करू?"
"बस फकस्त. तू बघतीयास म्हाईत असलं की अंगठा सरकणार न्हाई."
म्हणजे बसते. दिसंल मला. सरकला तरी गप बसायचं, आन् या वक्ताला गप बसणं बरोबर असंल. तवा माझ्या मनात काय येईल ते आज सांगता येत न्हाई.
पिशवीत जखमेच्या पट्ट्यांचं पाकीट टाकलं. काढलं. परत टाकलं.