फुकटच्या विद्यापीठाविषयी दुधनीच्या मेहुण्यास

सोलापूर,
मंगळवार

चि. शरणबसव यास दाजींचे आशीर्वाद आणि शरणु शरणार्थी, दोन्ही. (वयाने तू धाकटा म्हणून आशीर्वाद, बायकोचा भाऊ म्हणून शरणार्थीचा नमस्कार. उगाच धोका कशाला?) इकडे सर्व क्षेम. तुझ्या अक्काची कंबर दुखते, पण माझ्यावर उठण्यापुरती ती शाबूत आहे. तुझी शुगर कशी आहे ते कळव. नुसते 'बरी आहे' लिहू नकोस. तुझे 'बरे' मला ठाऊक आहे. डाळीत खडे निघाले तरी तू गिऱ्हाइकाला 'बरी आहे' म्हणूनच देतोस.

घरोघरी फोन असताना दाजींनी पत्राचा घाट का घातला, असे तुला वाटेल. फोनवर तू मला स्पीकरवर टाकून तुरीची पोती मोजतोस, आणि माझे व्हॉट्सअ‍ॅप अक्षता उघडून देते. विषय तिचाच आहे. सबब कागद.

तुझी भाची वस्त्र अभियांत्रिकी उत्तीर्ण झाली, हे तू पेढे खाल्लेस त्या अर्थी तुला माहीत आहे. आता तिला पुढचे शिक्षण जर्मनीत घ्यायचे आहे. मी खर्चाचे विचारले. ती म्हणाली, तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवायची फीच नाही, परक्यांनाही नाही. शरणा, मी तिथेच सावध झालो. सोलापुरात फुकट काय मिळते? शेंगाचटणीची चिमूट. दुकानदार तळहातावर ठेवतो, आपण चाटतो, आणि घरी पोचतो तेव्हा पिशवीत किलोभर चटणी असते. मग एक अख्खा देश दुसऱ्यांची पोरे फुकट शिकवतो, तो कोणती चटणी खपवायला? अक्षता म्हणाली, "पप्पा, त्यांना शिकलेली माणसं कमी पडतायत." मी म्हटले, आपल्याकडे शिकलेली माणसे कमी पडली असती तर आपण शाळेची फी वाढवली असती.

तरी म्हटले, जाणत्याला विचारावे. नव्या पेठेत साड्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्याने चढून, परदेशी शिक्षणाचे एक सल्लागार बसतात. नाव युवराज. (वय लेकाचे, टाय सासऱ्याचा.) बसताक्षणी म्हणाले, "सर, सल्ला एकदम फ्री हाय आपल्याकडं. आणि ते जर्मनीचं डोक्यातनं काढा. तितं भाषा, थंडी, लई लफडी. त्यापेक्षा पोरीला हितं पाठवा की!" असे म्हणून त्यांनी एका बेटाचे नाव घेतले. भिंतीवरच्या नकाशात ते मला शोधून सापडेना, कारण नेमक्या त्याच जागी टाचणी टोचली होती. तिथल्या खासगी कॉलेजची फी ऐकून मी पाणी मागितले. तेवढ्यात अक्षताने शांतपणे विचारले, "आम्ही तिथं गेलो तर ते कॉलेज तुम्हाला किती देतं?" युवराज म्हणाले, "मॅडम, चहा घेणार?" मी नको म्हणत होतो, तर ही म्हणते, "घ्या पप्पा, तोही आपल्याच फीतनं आहे."

जिना उतरताना डोक्यात उजेड पडला. सरकारी विद्यापीठ कोणाला दलाली देत नाही, म्हणून त्याचे नाव घेतले की थंडी वाजते. मी संशय योग्य घेतला होता, फक्त चुकीच्या फुकटावर. (हे अक्षताला मी सांगितलेले नाही. तूही सांगू नकोस.)

मग तिने स्वतःच अर्ज केले. त्याआधी आपल्या गुणपत्रिका खऱ्या की बनावट हे तपासणाऱ्या त्यांच्या कार्यालयाचा दाखला लागतो. ते लोक आपल्यावर संशय घेतात हे कळल्यावर मला त्या राष्ट्राविषयी प्रथमच आदर वाटला. भाषेचाही वर्ग लागला. त्या भाषेत तीन लिंगे आहेत, हे ऐकून मी खूश झालो. आपल्यासारखीच सुसंस्कृत माणसे! नंतर समजले, त्यांच्याकडे 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ज्या देशात माझी मुलगी नपुंसकलिंगी, तिथे तिला पाठवू का, असे मी जेवताना गरजलो. त्यावर तुझी अक्का म्हणाली, "तुमच्या संस्कृतात बायकोला काय म्हणतात ते सांगा की भाचीच्या मामाला." जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले, तेव्हा आता तुला सांगणे भाग आहे : 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दाराः' चक्क पुल्लिंगी, तोही अनेकवचनी. त्या रात्री मी ताक न घेताच उठलो.

आणि प्रवेशाचे पत्र आले. ई-मेलने. अक्षताने छापून हातात दिले. पहिली ओळ : प्रिय श्रीयुत विरुपाक्ष, आपले अभिनंदन. शरणा, मी अर्ज केलेला नाही! मला वाटले, झाली फसवणूक सुरू. आधी बापाचे नाव काढतात, मग बँकेचे. पण चूक त्यांची नव्हती. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग बापाचे : हत्तुरे अक्षता विरुपाक्ष. तिकडे शेवटचे नाव ते आडनाव. त्यांनी 'विरुपाक्ष' उचलले, ते कानाला पुरुषी लागले, आणि मला वस्त्रशास्त्रात प्रवेश मिळाला. ही बातमी गल्लीत कोणी फोडली ते मी शोधतो आहे. शेजारचे पोस्टमास्तर सिद्धलिंगप्पा फाटकातूनच ओरडले, "काय सर, ह्या वयात जर्मनी? वैनी सोडत्यात व्हय?"

मी तडक कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्र करायला गेलो. टंकलेखक कल्लप्पा म्हणाला, "दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं टाकतो की. लई पोरांचं केलंय." शिक्का बसल्यावर घरी येऊन वाचले : विरुपाक्ष हत्तुरे व अक्षता हत्तुरे ही एकच व्यक्ती आहे. जीव-शिवाच्या ऐक्यासाठी वेदान्ती जन्मभर घासतात. कल्लप्पाने बाप-लेकीचे अद्वैत चहा निवायच्या आत सिद्ध केले. इकडे अक्षताने विद्यापीठाला पासपोर्टची प्रत जोडून दोन ओळी लिहिल्या होत्या. संध्याकाळपर्यंत नाव दुरुस्त होऊन आले, वर क्षमायाचना. चूक कबूल करणारे कार्यालय! माझा संशय तिथे पुन्हा बळावला.

आता उरले ते राहण्या-जेवण्याच्या पैशांचे. वर्षभराची रक्कम आधीच एका 'ब्लॉक्ड' खात्यात ठेवायची. पतसंस्थेत आपले असेच 'ब्लॉक' झाले होते, आठवते ना? पण हे खाते तिच्याच नावाचे, आणि दरमहा ठरलेला हप्ता तिलाच मिळतो. म्हणजे पैसे आपले, वापर आपला, फक्त एकदम हाताला लागू द्यायचे नाहीत. तुझी अक्का माझ्या पगाराचे इतकी वर्षे हेच करत आली आहे. भविष्यनिर्वाह निधीतून ते जमते, व्याजाचे कर्ज नको. म्हणजे तोही आक्षेप गेला. होकार या महिनाअखेरीपर्यंत कळवायचा आहे, आणि खर्च पेलतो असे माझ्या सहीचे पत्र लागेल. मी 'विचार करतो' म्हणालो आहे. सावध माणसाने दुसरे काय म्हणावे? सर्वांस यथायोग्य.

तुझा,
विरुपाक्ष दाजी

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. मी महिनोन्‌महिने इतक्या जोराने नाही म्हटले आहे की आता हो म्हणायला तोंड उरलेले नाही. एकेक आक्षेप तिने उत्तरे देऊन संपवला. शिल्लक आहे तो शोभेचा. तरी तू रविवारी ये आणि सगळ्यांसमोर माझ्याशी भांड. मोठ्याने भांड, कन्नडमध्ये भांड, 'दाजी, पोरीच्या पायात खोडा घालताय' असे म्हण. मी थोडा ताणीन, दोन सुभाषिते टाकीन, मग मेहुण्याचा मान म्हणून हरेन. लेकीकडून हरण्यापेक्षा ते बरे दिसते.

ता. क. दुसरा : आधी चहा घेऊन मग भांड. उपाशीपोटी तू फार लवकर ऐकतोस.

शरणा, मी अक्का. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय, म्हणून लिहिते. सहीचं पत्र त्यांनी कवाच करून देवघरात ठेवलंय. मोठी ब्याग बी त्यांनीच आणली; पोरीला वाटतंय मी आणली. रोज ती झोपल्यावर चाकं फिरवून बघतात, एक चाक कुरकुरतंय म्हणून तेल घालतात. ये तू, भांड. पण लगेच जिंकू नको, जरा लांबव. त्यांनी हो म्हटलं की पोर गेल्यातच जमा हाय, आणि मग ह्या माणसाला मी एकटीनं कसं ऐकून घेऊ? जेवायला थांब.
— दानम्मा