डावा हात गिअरवर

नांदेड,
रविवार

प्रिय हुस्ना,

गाडी विकायची नाही, हे आधीच लिहून टाकते. व्यंकटरावांना तसं सांग आणि माझ्या वतीनं माफी माग. तुझ्या मेससमोर क्लास चालवणारा माणूस. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या पोराला उघड्या लाल गाडीत बसवून लातूरभर मिरवायचं त्यांच्या मनात आहे. त्यात वाईट काही नाही. पण या गाडीबद्दल तुला काही सांगायचं आहे आणि ते फोनवर जमत नाही. तिकडे तुझ्या मागं मेसच्या पोरी घरी फोन लावायला उभ्या असतात आणि इकडे मी मधेच फोन ठेवून देते. लिहिताना निदान मधे थांबता येतं.

ते गेल्यावरची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली आणि मी पुन्हा शाळेत शिकवायला जायला लागले. नववीच्या पोरी पहिल्या दिवशी इतक्या शहाण्यासारख्या बसल्या की मलाच कसंतरी झालं. शेवटी मीच एकीला रागावले, तेव्हा वर्ग नेहमीसारखा झाला. तुझा खांदा कसा आहे? थंडीत जास्त धरतो हे मला ठाऊक आहे. वरच्या फळीवरचे डबे तू काढू नकोस. शिरूर अनंतपाळची ती उंच पोरगी अजून तुझ्याकडेच असेल तर तिला सांगत जा. डॉक्टर व्हायचंय ना तिला, मग थोडी सेवा आत्ताच करू दे.

तू म्हणालीस, भाभी, त्या गाडीनंच भाईजानला नेलं, ती नजरेसमोर नको. मी तुला चूक म्हणत नाही. ते गेले तेही शेडमध्येच, पुढच्या चाकाजवळ बसल्या बसल्या. सुरुवातीला मीही तिच्यावर ताडपत्री टाकायला लावली होती. पण इद्दतीत बाहेर पडायचं नाही, आणि आपलं अंगण म्हणजे निम्मी शेडच. किती दिवस ताडपत्रीकडे बघत बसणार? एके दिवशी तिसऱ्या प्रहरी अस्रची नमाज झाल्यावर मी ती काढली.

तुला ही गाडी नीट माहीत नाही, कारण तू तिच्याकडे कधी वळून पाहिलंच नाहीस. अपघातातल्या एका मारुतीचं इंजिन आणि चाकं, पाइपांचा सांगाडा, पत्रा त्यांनी स्वतः ठोकलेला. दोनच माणसांची जागा. इंजिन सीटच्या मागं बसवलं. मी विचारलं, सगळ्या जगाचं पुढं असतं, तुमचं मागं का? म्हणाले, पुढचा भाग हलका पाहिजे. का पाहिजे ते सांगितलं नाही. तुझे भाईजान इंजिनाबद्दल तासभर बोलायचे, पण मनातलं विचारलं की पाना शोधायला उठायचे.

मग त्यांनी स्टीअरिंगचा ध्यास घेतला. पुढच्या चाकाला मागच्या बाजूनं एक लोखंडी आर्म असतो. स्टीअरिंगचा दांडा तो ढकलतो तेव्हा चाक वळतं. दांडा आर्मच्या टोकाला न लावता जवळ, चाकाच्या बाजूला लावला की स्टीअरिंग थोडं फिरवलं तरी चाक खूप वळतं. दार बिजागरीजवळ ढकलल्यासारखं. तिथं हात जरासाच सरकतो पण दार बरंच उघडतं. जोर मात्र जास्त लागतो. म्हणून पुढचा भाग हलका हवा होता, हे मला फार उशिरा कळलं. आधी स्टीअरिंगला या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ चार फेरे लागायचे, त्यांना दोनाच्या आसपास आणायचे होते. मी म्हणायची, एवढी काय घाई आहे वळायची? या वयात शर्यतीत उतरायचंय का? ते नुसते हसायचे. अंगणात गाडी पुढं-मागं करून बघताना ते डावा हात गिअरवरच ठेवायचे आणि उजव्या हातानं स्टीअरिंग फिरवायचे. मला वाटायचं, ऐट करतात. एकदा मी ओट्यावरून म्हटलंसुद्धा, दोन्ही हात दिलेत अल्लानं, वापरा की! त्या दिवशी मात्र ते हसले नाहीत.

त्यांनी आर्मला जवळ नवं भोक पाडलं. स्टीअरिंग चपळ झालं, पण वळताना टायर ओरडायला लागले. फरशीवर जड पेटी ओढल्यासारखा आवाज. कुठं चुकलं ते सापडेना. त्यातच ते गेले.

ते मी शोधलं, हुस्ना. यात मोठं काही नाही, नववीची भूमिती आहे. वळताना आतल्या बाजूचं चाक जास्त वळावं लागतं, कारण त्याचं वर्तुळ लहान. चाक जिच्याभोवती वळतं त्या खिळीपासून मारुतीच्या जुन्या भोकावरून दोरी ताणली तर ती थेट मागच्या दोन चाकांच्या मधोमध जाते. पण आर्म सरळ नसतो, वाकडा असतो. त्यांनी नवं भोक आर्मच्या मधोमध घेतलं आणि ते दोरीच्या बाहेर गेलं. दोन्ही चाकं सारखीच वळायला लागली आणि टायर घासायला लागले. कपडे वाळत घालायची दोरी सोडून मी ती गाडीखालून ताणली होती. धुणंभांडी करणारी गौरम्मा धुणं घेऊन आली आणि ते बघून डोक्यावर बादली तशीच धरून उभी राहिली. तिला वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं.

जुन्या आर्मला आणखी एक भोक पाडणं धोक्याचं, आणि वेल्डिंग तर स्टीअरिंगला चालतच नाही. हे भाईजानच म्हणायचे. म्हणून नवे आर्म अखंड पोलादातून करून घ्यायचे ठरवलं. पण इद्दतीत परक्या माणसासमोर जायचं नाही. निवृत्ती, त्यांचा लेथवाला, गल्लीत पत्र्याच्या फाटकापलीकडे उभा राहायचा आणि मी अलीकडे. मापाचा पुठ्ठा मी फाटकाखालून सरकवायची. तो ओरडायचा, "भाभी, भोक भाईनं मारल्यालं हाय तितंच ऱ्हाऊ द्या की! तेंच्यापेक्षा तुमाला जास्त कळतंय व्हय?" मी म्हणायची, "गाडीचं त्यांना कळायचं, दोरीचं मला कळतं." एकदा म्हणाला, "सगळी गल्ली बघायली, मी फाटकाशी भांडायलो!" पण आर्म त्यानं आरशासारखे करून दिले.

ते बसवायच्या आधी मी पहिल्यांदा गाडीत बसले. माझे पाय सहज पॅडलला पोचले. तुझे भाईजान केवढे उंच, आठवतंय ना? आणि सीट पुढं, पक्क्या बोल्टनं बसवलेली. त्यांचे गुडघे स्टीअरिंगला लागत असणार. आपल्या घरात माझ्याएवढं ठेंगणं दुसरं कोण आहे? मी डावा हात गिअरवर ठेवला, त्यांच्यासारखा. खांद्याच्या वर उचलायची गरजच पडत नाही. मग उजव्या हातानं स्टीअरिंग फिरवलं.

तुला ती पहाट आठवते की नाही, माहीत नाही. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी औशाकडच्या तुझ्या सासरच्या गावातून आम्ही तुला आणलं तेव्हा तू जीपमध्ये मागं आडवी होतीस. शारिकभाईंना तिथंच दफन केलं होतं, तुझी इद्दत तिथंच सुरू झाली होती आणि तुझा डावा हात माझ्या ओढणीनं बांधलेला. सगळ्या वाटेत तू एकच बोललीस: भाईजान, आता माझी गाडी चालवणं संपलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. ज्या पोरीला त्यांनी मुदखेडच्या रेल्वेच्या मैदानात जीप शिकवली, जिनं रिव्हर्समध्ये कुंपण पाडलं आणि खाली उतरून कुंपणालाच रागावली, तिला ते काय सांगणार होते? मला वाटतं, उत्तर द्यायला त्यांना ही सगळी वर्षं लागली. आणि गाडी पूर्ण झाल्याशिवाय तुला सांगायचं नव्हतं, कारण जमलं नसतं तर तुला दुसऱ्यांदा लागलं असतं.

मागच्या शुक्रवारी निवृत्तीनं गाडी टेम्पोतून नेऊन त्याच मैदानात फिरवली. मी सांगितलं, डावा हात गिअरवरून उचलायचा नाही. म्हणाला, "एका हातानं? भाभी, माझी लेकरं लहान हायती." पण त्यानं फिरवली, आठ आकड्यासारखी, एका दमात. टायर ओरडले नाहीत. मग परत आला. खाली उतरून एवढंच म्हणाला, "ही हुस्नाआपाची गाडी हाय व्हय?" परीक्षा झाल्या की पोरी आपापल्या गावी जातील आणि मेस बंद होईल. तेव्हा लातूरहून सकाळच्या एस.टी.नं निघ आणि थेट घरी ये, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. रस्त्यावर न्यायचे कागद मी बघते. मैदानाला कागद लागत नाहीत. सीट मी हलवलेली नाही. मी शेजारी बसेन आणि बोलणार नाही. फक्त एक ध्यानात ठेव, ते कुंपण आता रेल्वेनं पक्कं दगडी केलंय.

तुझीच,
बिलकीसभाभी